तंजावरचा सरस्वती महाल

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात एकोजीराजे भोसले बंगळूरच्या जहागिरीतून तंजावरास गेले. त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या ग्रंथसंग्रहाला आजचे वैभव दिले. १८२० साली आरंभिलेल्या काशीयात्रेतही त्यांनी संस्कृत पोथ्या मिळविल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांशेजारी त्यांनी जमविलेले युरोपीय ग्रंथही येथे नांदतात.

राजाचा हा खाजगी ठेवा १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. सूचिग्रंथ सिद्ध करणे, दुर्मिळ संहिता प्रकाशित करणे, अभ्यासकांस वाचनाची सोय देणे आणि छोट्या संग्रहालयातून सामान्य प्रेक्षकास चित्रे व पोथ्या दाखविणे, हे या संस्थेचे कार्य. येथील मराठी पोथ्या व दरबारचे मोडी दप्तर तमिळ भूमीने सांभाळले, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासकारास अंतर्मुख करणारी आहे. पुण्या-मुंबईच्या परिघातच फिरणारा आपला वाङ्मयेतिहास तंजावरच्या मराठी नाटकांना आजवर परिशिष्टापुरतेच स्थान देत आला. जतन हे ग्रंथालयाचे कर्तव्य. वाचन हे आपले. मोडी वाचणारा अभ्यासक उरला नाही, तर सुरक्षित दप्तरही मुकेच राहील.