प्रस्तावना : नाक्यावरच्या मुलांचं म्हणणं

नाक्यावर तासन्‌तास बसणाऱ्या मुलांविषयी वस्तीत प्रत्येकाचं मत असतं. त्यांचं स्वतःचं मत मात्र क्वचितच कुणी विचारतं. ते विचारायचं कसं आणि ऐकल्यावर करायचं काय, हा युवककार्याच्या अभ्यासाचा गाभा आहे. समाजकार्याचे विद्यार्थी, शिक्षक, गल्लीतल्या मंडळाचे कार्यकर्ते अशा सगळ्यांचं या विषयात मनापासून स्वागत.

सुरुवात शिकागोपासून करू. क्लिफर्ड शॉ यांनी १९३० मध्ये ‘द जॅक-रोलर’ प्रसिद्ध केलं. वाटमारी करणाऱ्या एका मुलाने सांगितलेली त्याची जीवनकथा हा त्या पुस्तकाचा मुख्य भाग. पुढे शॉ आणि हेन्री मॅके यांनी शहराचे नकाशे मांडून दाखवलं, की काही वस्त्यांतले रहिवासी बदलले, एका देशाचे गेले आणि दुसऱ्या देशाचे आले, तरी तिथली बालगुन्हेगारी चढीच राहिली. म्हणजे मूळ कुठल्या जमातीच्या स्वभावात शोधायचं नव्हतं; ते वस्तीच्या परिस्थितीत होतं. ‘शिकागो एरिया प्रोजेक्ट’ याच समजुतीवर उभा राहिला. खेळ, शिबिरं, कोर्टात अडकलेल्या मुलाची पाठराखण ही कामं वस्तीतल्याच माणसांकडे सोपवली गेली. त्यांत पूर्वी शिक्षा भोगून आलेलेही होते. मला या इतिहासातला हा सगळ्यात धीट निर्णय वाटतो.

अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, अशी मांडणी केली आणि हा विचार आणखी पुढे नेला. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुंबईच्या ‘पुकार’ संस्थेच्या फेलोशिपमध्ये तरुणांचे गट आपल्याच जगण्यातला प्रश्न निवडतात, मुलाखती घेतात, निष्कर्ष मांडतात. कालपर्यंत ज्यांचं सर्वेक्षण व्हायचं, त्यांच्याच हाती प्रश्नावली येते.

तरीही सावध राहायला हवं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत आणि खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. टी-शर्ट घालून व्यासपीठावर बसवलेली मुलं त्या तिनांतच मोडतात, आणि आपल्याकडे असे कार्यक्रम फार होतात.

शिवाय अशा सहभागातून मुलांना आत्मविश्वास आला तरी नोकरी येतेच असं नाही. क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी १९६० मध्येच संधींच्या असमान वाटपाकडे बोट दाखवलं होतं. वस्तीतला कार्यक्रम या विषमतेला कुठवर भिडू शकतो, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. नव्या वाचकाने या वादात जरूर उतरावं.