चुनखडी, चुना आणि जमाखर्चाचें तोलमाप

यवतमाळ जिल्ह्याचे जुने कागद जमविणाऱ्यांनीं एका सामान्य पदार्थाकडे लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे. तो पदार्थ म्हणजे चुना. १९०५ पर्यंत या जिल्ह्यास वणीवरून 'वून' हें नांव होतें. त्या वणीच्या परिसरांत चुनखडीचे थर असून जवळचें राजूर चुन्याच्या भट्ट्यांकरितां प्रसिद्ध आहे. हेमाडपंती देवळांत दगडावर दगड चुन्यावांचून बसवीत. पुढील पक्क्या बांधकामास मात्र चुना लागूं लागला, आणि त्याबरोबर त्याचा हिशेबहि आला.

समजा, एखाद्या जमाखर्चांत भट्टीस एक खंडी चुनखडी गेली व सवाअकरा मणांच्या आंतच चुना उतरला, असें आढळलें. पावणेनऊ मणांहून अधिक माल कोठें गेला? कारकुनानें किंवा भट्टीवाल्यानें तो गिळंकृत केला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु आरोप करण्यापूर्वीं रसायनशास्त्राची साक्ष घेतली पाहिजे.

चुनखडी भाजली म्हणजे तींतून कर्बाम्ल वायु निघून जातो, हें स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनें १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वजन करून दाखविलें. शुद्ध चुनखडीच्या १०० भागांपासून कळीचा चुना ५६ भाग व वायु ४४ भाग होतो. मण ४० शेरांचा व खंडी २० मणांची धरल्यास, एका खंडीचा कळीचा चुना ११ मण ८ शेर भरतो. ८ मण ३२ शेर वायु हवेंत जातो. मणाचें वजन स्थळपरत्वें बदलतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. पण हें प्रमाण कोणत्याहि मणास सारखेंच लागू आहे.

पुढें त्याच चुन्यांत ३ मण २४ शेर पाणी मुरलें कीं, विरलेला कोरडा चुना १४ मण ३२ शेर होतो. म्हणून कागदांत नुसता 'चुना' हा शब्द आला, तर तो कळीचा कीं विरलेला, हें प्रथम ठरविलें पाहिजे. न ठरवितां केलेली बेरीज व्यर्थ होय.

आणखी एक सावधगिरी. चुनखडींत दहांश माती असल्यास, १८ मण शुद्ध भागाचा चुना १० मण ३ शेर व माती २ मण, मिळून सुमारें १२ मण ३ शेर ऐवज उतरतो. कच्च्या भाजणीनेंहि वजन वाढतें. अर्थात् अधिक उतारा हा उत्तम चुन्याचा पुरावा नव्हे.

भिंतींत घातलेला चुना हवेंतील तोच वायु हळूहळू परत घेतो, पाणी सोडतो व पुन्हां चुनखडी बनतो. सारांश, भट्टींत घटलेला ऐवज निसर्गाच्या वहींत खर्चीं पडून पुढें जमेसहि येतो. ही वही न पाहतां मृत कारकुनावर चोरीचा आळ घेणें इतिहासलेखकास शोभत नाहीं.