निवृत्तीचा रस्ता : सातपूर ते त्र्यंबक

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सातपूर लागते. पौष महिन्यात या रस्त्याने दिंड्या जातात. टाळ वाजत असतात, बायांच्या डोक्यांवर तुळशीवृंदावने असतात, आणि ही सारी माणसे त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीकडे चाललेली असतात. याच रस्त्याच्या कडेला कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा कामगार बाकावर बसून ती दिंडी पाहत असतो. दोन्हीकडे शब्द एकच, निवृत्ती. एका निवृत्तीकडे माणसे चालत जातात. दुसरी मिळाली की माणूस चालायचा थांबतो! हा विरोध आम्हाला बरीच वर्षे खटकत आला आहे. आजचा विषय त्यातूनच निघाला.

निवृत्ती म्हणजे काय, हा प्रश्न सातपूरला नवा नाही. या गावाच्या भोवती तीन दिशांना या प्रश्नाची तीन उत्तरे इतिहासाने ठेवून दिली आहेत.

पहिले उत्तर उत्तरेला, गोदाकाठी आहे. आनंदवल्ली हे एका पेशव्याच्या निवृत्तीचे गाव. राघोबादादांनी येथे वाडा बांधला, राज्यकारभारातून मन काढून घेतल्याची भाषा केली. पण मन निघाले नाही. गोदेच्या काठी स्नानसंध्या चालली होती आणि त्याच काठावर फौजेची जमवाजमव होत होती. शेवटी १७६८ साली याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी पुतण्या माधवरावाने काकांचा पराभव केला आणि दादांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. त्याच नदीच्या वरच्या अंगाला गंगापूर. तेथे माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई मुलाशी मतभेद होऊन येऊन राहिल्या. पुढे नातू सवाई माधवराव गादीवर असताना त्यांनी त्याला दिवस कसा घालवावा, वागावे कसे, याविषयी उपदेशाचे पत्र लिहिले. ते इतिहासात प्रसिद्ध आहे. स्थळ तेच, नदी तीच. एकाने निवृत्तीत कारस्थान केले, दुसरीने नातवाला दिनचर्या लिहून दिली. रिकामे मन स्वस्थ बसत नाही, एवढा बोध दोघांपासून घेता येतो.

दुसरे उत्तर दक्षिणेला, त्रिरश्मीच्या डोंगरावर आहे. या डोंगराला लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्याच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यानंतर, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. महाराजाची आई व महाराजाची आजी असा स्वतःचा उल्लेख ती करते. सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमलेली म्हणून आपली ओळख सांगते. पुत्र गमावलेली वृद्धा अंधाऱ्या महालात बसून राहिली नाही; तिने उघड्या डोंगरावर दगड कोरवला, आणि त्याचा उपयोग इतरांना व्हावा अशी व्यवस्था केली. आज सकाळी त्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपण एका आजीबाईंच्या घरी चाललो आहोत?

तिसरे उत्तर पश्चिमेला, ब्रह्मगिरीवर आहे. परंपरा सांगते की विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला. पळापळीत निवृत्ती वाट चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. तेथे त्याला उपदेश मिळाला, तोच पुढे ज्ञानदेवांना मिळाला. कथा म्हणून घ्या की श्रद्धा म्हणून घ्या. तिच्यातली एक गोष्ट विसरू नका. निवृत्तीला गुरू भेटला तो घरात नव्हे, रानात चालताना. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आजही हजारो लोक ही फेरी करतात, आणि त्यांत पांढऱ्या केसांची माणसे कमी नसतात.

आपल्या जुन्या आश्रमव्यवस्थेने तरी दुसरे काय सांगितले? अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, नातवाचे तोंड पाहिले, की वानप्रस्थ. त्या शब्दात ‘वन’ आहे, ‘प्रस्थ’ आहे. ‘खाट’ कोठेच नाही. आता वनात कायमचे जाऊन राहावे असे आम्ही कुणाला सुचवीत नाही. ते व्रत थोड्यांचेच होते आणि त्याचे नियमही कठोर होते. पण उतारवयात माणसाने घराच्या भिंतीबाहेर पडावे, ही त्यातली खूण मोलाची आहे.

मग खाट आली कोठून? इंग्रजी अमदानीत पेन्शन आले. १८१८ साली दुसरा बाजीराव वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताला गेला, तो आमचा सर्वांत बडा पेन्शनर! पुढे मामलेदार, मुन्सफ, मास्तर पेन्शनीत निघू लागले. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाचा विमा कायद्याने आणला. पण त्याचे वय सत्तर होते, आणि सत्तरीपर्यंत जगणारा कामगार त्या काळी विरळा. आपल्याकडे १९५१ च्या सुमारास सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीपर्यंत आले आहे. म्हणजे आमच्या आजोबांना जो प्रश्न पडलाच नाही, तो आम्हाला पडला आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी काम संपते, आणि पुढे पंधरावीस वर्षांचा मोकळा माळ दिसू लागतो.

सातपूरला हा प्रश्न विशेष तीव्रतेने पडला, याचे कारण या गावाची घडण. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरच्या शेतांतून औद्योगिक वसाहत उभी राहिली. खेड्यापाड्यांतून तरुण आले. वस्त्यांची नावेच पाहा ना : कामगारनगर, श्रमिकनगर. १९८२ साली नाशिक महापालिका झाली तेव्हा सातपूर तीत सामील झाले. जी पिढी विशीत भोंग्यावर धावत आली, ती एकदमच साठीला पोचली. तिच्या हाती १९५२ च्या कायद्याचा भविष्यनिर्वाह निधी होता, १९७२ च्या कायद्याची ग्रॅच्युइटी होती, १९९५ ची पेन्शन योजनाही होती. त्या योजनेतले किमान पेन्शन २०१४ साली ठरले ते महिना एक हजार रुपये. या रकमेत छंद कसले जोपासणार, असे कुणी विचारले तर तो प्रश्न उद्धट नाही, रास्त आहे.

त्याहून खोल गोष्ट अशी की, पाळीच्या कामगाराला छंद लावून घ्यायला सवडच कधी मिळाली नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले. रात्रपाळी, जादा पाळी, बस, किराणा, मुलांची शाळा, यांत चाळीस वर्षे गेली. भोंगा बंद झाला तेव्हा नुसते काम गेले नाही. सकाळी उठण्याचे कारण गेले, ओळख गेली, डबा उघडून एकत्र बसणारे सोबती गेले. घरात तो एकाएकी अडचण होतो. सुनेला वाटते मामंजी स्वयंपाकघरात लुडबुड करतात. मामंजींना वाटते आपल्याला कुणी विचारीत नाही. दोघांचेही खरे असते.

येथे विज्ञान काय सांगते तेही ऐकावे. १९५३ साली जेरेमी मॉरिस या इंग्रज वैद्याने लंडनच्या दुमजली बसगाड्यांतल्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे त्यास दिसले. कंपनी एक, गाडी एक, फरक जिन्याचा. आज जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांनाही आठवड्याला निदान दीडशे मिनिटे बेताची मेहनत करावयास सांगते, आणि पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. त्याला पैसा लागत नाही. पायांत बरी वहाण आणि सोबतीला एक माणूस पुरे. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून बेत ठरवावा, हे सांगणे नलगे.

महाराष्ट्रात याचे दाखले हवे असतील तर दूर जावयास नको. धोंडो केशव कर्वे हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजात पायी जात-येत. १९१४ साली ते निवृत्त झाले आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आमच्या कामगाराचे जे वय संपण्याचे, ते अण्णांचे आरंभाचे! मारुती चितमपल्ली वनखात्यातून निवृत्त झाले, तरी रान सुटले नाही; पक्षिकोशासारखे काम त्यांनी निवृत्तीनंतर पुरे केले. प्रत्येकाने विद्यापीठ काढावे की कोश लिहावा, असे नव्हे. पण नांदूरमधमेश्वर नाशिक जिल्ह्यातच आहे. २०२० साली त्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रात पहिले. हिवाळ्यात तेथे परदेशी पाहुणे उतरतात. ज्याने चाळीस वर्षे मायक्रोमीटरवर नजर रोखली, त्याच्या नजरेला बदकाच्या पंखावरचा पट्टा ओळखणे जड का जावे? ज्याचे हात लेथवर बसले, त्याला कलम बांधणे का साधू नये?

एक गोष्ट मात्र राहूनच जाते. निवृत्तीचा दाखला ज्यांना कधी मिळतच नाही अशा आमच्या घरच्या बायका. नवरा सकाळी फिरावयास जातो, तेव्हा चहाचे आधण त्यांनीच ठेवलेले असते. बलश्रीचा लेख आणि गोपिकाबाईंचे पत्र सांगून आम्ही घरच्या बाईला अर्धा तास मोकळा देणार नसू, तर ते दाखले आम्ही न दिलेले बरे. सकाळच्या फेरीला दोघांनी निघावे. चहा आल्यावर दोघांनी मिळून करावा.

आणि नगराचेही काही देणे लागते. ज्यांच्या घामावर वसाहत उभी राहिली त्यांना चालण्यापुरता निर्वेध पदपथ, सावलीचे झाड, टेकायला बाक आणि स्वच्छ मुतारी मिळावी, ही भीक नव्हे. साठीच्या माणसाच्या फिरण्याच्या वाटेवर ट्रक उभे राहत असतील, तर त्याला व्यायामाचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकची मालाही शंभरी ओलांडून गोदाकाठी उभी आहे. या मालांचा श्रोता बहुतांशी पेन्शनर, आणि तो उघड्या आकाशाखाली बसून ऐकतो, याचा आम्हाला आनंद आहे. पण आमची एक विनंती आहे. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना रिक्षा थोडी अलीकडे सोडा आणि उरलेली वाट शेजाऱ्याबरोबर बोलत चाला. त्र्यंबकचा रस्ता समोर आहेच. पौषात दिंडी येईल तेव्हा बाकावरून उठून तिच्याबरोबर चार पावले टाकता आली, तर निवृत्ती या शब्दाचा अर्थ सातपूरला उमगला असे आम्ही म्हणू.