आकाशातील राखेचा हिशेब

मोरा बंदराच्या धक्क्यावरून उत्तरेकडे पाहिले, तर समोर घारापुरीचे बेट आणि त्यापलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर आहे. ज्येष्ठात कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि पहिल्या सरी या पाण्यावर उतरतात. एक काळ असा होता, की त्या सरींबरोबर आकाशातून आणखी काय उतरले, हेही तपासावे लागे. त्या तपासाचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवर पांढरी राख पडली. नौकेवरील २३ जण आजारी पडले. त्यांपैकी एक सप्टेंबरात दगावला. २ एप्रिलला पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यास शास्त्रज्ञांची समिती नेमली. तीत भारताचे प्रतिनिधित्व मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी केले.

जड राख जवळपास पडते. परंतु मोठ्या बॉम्बची सूक्ष्म धूळ थेट स्थितांबरात जाते. आपल्या डोक्यावर हा थर सुमारे १६-१७ किलोमीटरांच्या वर सुरू होतो. तेथे पाऊस नाही, म्हणून धूळ धुऊन निघत नाही. मग ती किती काळ वर राहणार? सारा वाद या प्रश्नावर होता. धूळ जितकी रेंगाळेल, तितके तिचे विष वरच्या वर क्षीण होणार. अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे सदस्य लिबी यांचे म्हणणे असे, की ती पाच-दहा वर्षे वर राहील आणि पृथ्वीवर सर्वत्र सारखी पसरेल. हे अनुमान धीर देणारे होते.

मग फुगे आणि यू-टू विमाने गाळण-कागद घेऊन वर गेली, आणि उत्तर निराळे आले. पुष्कळशी धूळ एक-दोन वर्षांतच खाली येत होती; ती उत्तरेच्या समशीतोष्ण पट्ट्यात अधिक पडत होती; आणि तिला भर येई तो वसंतात! ज्या ऋतूत आपण व्याख्याने ऐकावयास जमतो, त्याच ऋतूत.

इकडे ट्रॉम्बेच्या अणुशक्ती संस्थेनेही १९५६ पासून देशातील हवा आणि पाऊस यांच्या मोजणीची नोंद ठेवली. रीत साधी होती. हवा कागदातून ओढावयाची, कागद काही दिवस तसाच ठेवावयाचा, म्हणजे जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन-थोरॉन वायूंचा नैसर्गिक अंश संपतो. मागे उरेल तो बॉम्बचा.

याच सुमारास गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे देवेंद्र लाल, रामा आणि त्यांचे सहकारी पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ शोधीत होते. विश्वकिरण हवेत हे द्रव्य सतत घडवितात आणि ५३ दिवसांत ते निम्मे होते. बॉम्बने वर किती विष फेकले, हे सरकारे गुप्त ठेवीत. विश्वकिरणांची जमा मात्र सर्वांना खुली होती. या नैसर्गिक द्रव्यांवरून वरची हवा खाली केव्हा व कशी येते, हे ताडता येऊ लागले. १९६६ साली भंडारी, लाल आणि रामा यांनी नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही खुणा जुळवून स्थितांबराच्या अभिसरणावर निबंध प्रसिद्ध केला.

तत्पूर्वी, ऑक्टोबर १९६१ मध्ये रशियाने सुमारे ५० मेगाटनांचा स्फोट केला होता. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. ८ ऑगस्टला भारताने सही केली. फ्रान्स व चीन त्यात आले नाहीत. चीनचा हवेतील शेवटचा स्फोट १९८० साली झाला. तरी १९६३ नंतर राखेचे आकडे घसरत गेले, आणि ती घसरणही मोजणाऱ्यांनीच टिपली.

स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखे वागते. दुधातून मुलांच्या हाडांत जाते. ते निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. म्हणजे १९६३ साली पडलेल्यापैकी जवळजवळ पाव हिस्सा आजही शिल्लक आहे. बॉम्ब आपण केले नव्हते, पण पाऊस आपलाही होता. म्हणून त्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीवर सोडून चालण्यासारखे नव्हते.