‘पेमेंट यशस्वी’ झालं, पावती कुठे अडली? वेबसाइटमागची जॉब क्यू कशी चालते

हैदराबाद : कॉलेजची फी ऑनलाइन भरली की दोन सेकंदांत ‘पेमेंट यशस्वी’ असं दिसतं. पावती मात्र मेलवर पाच-दहा मिनिटांनी येते. कधी येतच नाही, कधी दोनदा येते. या दोन्हींच्या मधे असते कामांची रांग, म्हणजे जॉब क्यू. देगलूर, बिलोली, औराद, भालकीकडची बरीच पोरं अमीरपेटच्या क्लासेसमध्ये वेबसाइट बनवायला शिकतात. ती बनवणं जमून जातं, खरी परीक्षा ही रांग सांभाळण्यात असते.

पीडीएफ बनवणं, एसएमएस पाठवणं, फोटो लहान करणं ही वेळखाऊ कामं. ती होईपर्यंत ग्राहकाला ताटकळत ठेवायचं नाही. म्हणून वेबसाइट कामाची चिठ्ठी लिहून क्यू सर्व्हरकडे देते आणि मोकळी होते. मागे ‘वर्कर’ नावाचे प्रोग्रॅम एकेक चिठ्ठी उचलतात. हॉटेलात वेटर ऑर्डर भटारखान्यात देऊन पुढच्या टेबलाकडे वळतो, तसंच. बीनस्टॉकडी हा क्यू सर्व्हर २००७ मध्ये फेसबुकवरच्या ‘कॉजेस’ ॲपची पानं लवकर उघडावीत म्हणूनच लिहिला गेला. आज त्याच्या जोडीला रॅबिटएमक्यू आहे, रेडिसवर चालणारं साइडकिक आहे, ॲमेझॉनची एसक्यूएस सेवा आहे.

आता दोनदा पावती का येते ते बघू. वर्करने चिठ्ठी उचलली म्हणून सर्व्हर ती लगेच फाडत नाही, बाजूला ठेवतो. ठरलेल्या मुदतीत ‘काम झालं’ असा निरोप आला तरच पुसतो. नाही आला तर वर्कर मेला असं समजून चिठ्ठी पुन्हा रांगेत लावतो. एसक्यूएसमध्ये ही मुदत आपण काही सांगितलं नाही तर ३० सेकंद, वाढवली तर १२ तासांपर्यंत. पीडीएफला ४० सेकंद लागत असतील तर ३१व्या सेकंदाला दुसरा वर्कर तीच चिठ्ठी उचलू शकतो. दोन पावत्या आल्या तर लोक हसतील. पण काम फी परत करण्याचं असेल तर? पैसे दोनदा जातील.

कॉमर्सवाल्यांना यावरचा इलाज सांगायला नको. प्रत्येक व्हाउचरला नंबर असतो आणि एका नंबरची नोंद रोजमेळात एकदाच होते. तसाच नंबर प्रत्येक चिठ्ठीला द्यायचा, डेटाबेसमध्ये तो युनिक ठेवायचा. नुसती मुदत वाढवून भागत नाही, कारण वर्कर काम पूर्ण करून निरोप देण्याआधीच बंद पडू शकतो.

चिठ्ठी हरवण्याचा धोका वेगळा. बीनस्टॉकडी सगळं मेमरीत ठेवतो. सुरू करताना ‘बी’ पर्याय देऊन डिस्कवर नोंद चालू केली नाही, तर लाइट गेली की रांग गेली. रेडिसमध्येही एओएफ नोंद आपल्याला चालू करावी लागते. एसक्यूएस चिठ्ठ्या चार दिवस सांभाळते, सांगितलं तर १४ दिवस. दिवाळीच्या सुट्टीत वर्कर बंद पडला आणि पाचव्या दिवशी ऑफिस उघडलं, तर सुरुवातीच्या चिठ्ठ्या पुसल्या गेलेल्या असतील.

काही कामं मुळातच फसलेली असतात, उदाहरणार्थ चुकीचा मेल आयडी. साइडकिक असं काम सुमारे तीन आठवड्यांत २५ वेळा करून बघतं, मग बाजूला टाकतं. तो ढीग रोज कुणीतरी बघायला हवा. रांगेत किती चिठ्ठ्या आहेत यापेक्षा सगळ्यात जुनी चिठ्ठी किती वेळ पडून आहे, हा आकडा जास्त खरं सांगतो.

ॲमेझॉनने मुंबईनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादला आपलं देशातलं दुसरं क्लाउड केंद्र सुरू केलं. क्यू, वर्कर आणि डेटाबेस एकाच केंद्रात असावेत, अर्धं मुंबईत अर्धं हैदराबादेत करू नये. अर्थात तालुक्याच्या कॉलेजला एवढं लागत नाही, एका भाड्याच्या सर्व्हरवर बीनस्टॉकडी आरामात चालतो. फक्त त्याला पासवर्डची सोयच नाही, त्यामुळे त्याचा ११३०० नंबरचा पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवायचा नाही. आणि नवीन कोड चढवताना वर्कर एकदम मारायचा नाही, हातातली चिठ्ठी संपवून थांबायला सांगायचं.