लाखेची झिलई



सिंधमधून आलेले सूफी संत आणि विणकर सोळाव्या शतकात येथे वसले व त्यांच्यावरून या भागाला सिंधीपुरा हे नाव पडले, हे येथील श्रोत्यांना मी सांगावे असे नाही. बऱ्हाणपूरच्या इतिहासाविषयी आपण बोलू लागलो की विणकरी, कुंडी भंडारा आणि १६३१ साली येथे झालेला मुमताजमहलचा मृत्यू यांवर बहुधा थांबतो. आज मी त्याहून पुष्कळ लहान वस्तूविषयी बोलणार आहे. आपल्या जुन्या घरांतील देव्हारे, पेट्या आणि लिहिण्याची मेजे यांवर जी मधासारखी झिलई दिसते, ती लाखेची होय.

भाषेचा विद्यार्थी असल्यामुळे शब्दापासून आरंभ करतो. 'लाखोटा' म्हणजे मोहोरबंद पत्र. वितळलेली लाख बंद पत्रावर टाकायची आणि ती थिजण्यापूर्वी तीवर शिक्का उठवायचा, या कृतीची आठवण त्या शब्दात अडकून राहिली आहे. मूळ संस्कृत शब्द 'लाक्षा'. 'जतु' हेही तिचेच नाव; म्हणून महाभारतातील लाक्षागृह हे जतुगृहही आहे. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेला उद्देशून एक सूक्त आहे. तेथे ती जखम भरून आणणारी औषधी म्हणून येते. फारसी, अरबी, पोर्तुगीज अशी वळणे घेत हाच शब्द युरोपात गेला आणि इंग्रजीत 'लॅकर' झाला. संख्यावाचक 'लाख'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. असंख्य किडे, म्हणून लाख! मला हे कधी पटलेले नाही.

किडे मात्र खरोखरच असंख्य असतात. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर ते रस शोषत बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच निर्माण करतात. फांद्यांवरून ते खरवडायचे, कुटायचे आणि धुऊन त्यातील तांबडा रंग काढून टाकायचा. उरलेले दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर धरायचे व पिशवी पिळायची. बाहेर आलेला ऊन रस कारागीर हातांनी, पायांनी आणि प्रसंगी दातांत धरून ताणतो. त्याचा पातळ पापुद्रा होतो. तो मोडला की झाला चपडा. वाण्याच्या दुकानात आपण जो तांबूस-पिवळा कचकड्यासारखा चुरा पाहिला, त्यामागे एवढे श्रम होते.

आता प्रश्न असा की ही लाख लाकडावर चढवायची कशी? आपला जुना मार्ग उष्णतेचा. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्स्कोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो वर्णिला आहे. कातारी लाकूड चरकावर फिरवीत असता त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते आणि सुक्या पातीने घासली की काचेसारखी चमकते. सावंतवाडीच्या खेळण्यांची परंपरा याच लाखकामाच्या जातीची. त्याच सुमारास 'आईन-इ-अकबरी'त अबुल फजल चिकांच्या रंगाचे प्रमाण देतो : तांबड्यासाठी चार शेर लाखेस एक शेर हिंगूळ, पिवळ्यासाठी तितक्याच लाखेस एक शेर हरताळ. दुसरा मार्ग क्षाराचा. टाकणखाराच्या पाण्यात लाख उकळली की ती विरघळते. काजळात ती मिसळून केलेल्या शाईने लिहिलेली पोथी दमट हवेतही सहजासहजी पुसट होत नाही.

मद्यार्काचा तिसरा मार्ग मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, आपल्याकडे रुळला तो उशिरा. मोहाची दारू सातपुड्यात घरोघर गाळली जात असे, पळसही तेथलाच. तरी दोहोंची गाठ पडली नाही. कारण साधे आहे. पाण्याचा अंश अधिक असलेल्या मद्यात लाख नीट विरघळत नाही. त्यासाठी तीव्र मद्यार्क हवा. तो युरोपातील भट्ट्यांत होता आणि लाख तेथे जहाजांतून जात होती. १६८८ साली इंग्लंडात स्टॉकर आणि पार्कर यांनी झिलईवर जो ग्रंथ काढला, त्यात दाणेदार लाखेच्या आणि चपड्याच्या मद्यार्कातील झिलईच्या कृती आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हीच विद्या 'फ्रेंच पॉलिश' या नावाने प्रतिष्ठित झाली आणि पुढे साहेबाच्या सामानसुमानाबरोबर आपल्या सुतारापर्यंत आली. आपल्याच रानातील वस्तू फ्रेंच नाव लावून घरी परतली, याचे मला हसू येते. पण कारागिराने नाव बदलले तरी चपड्याला चपडाच म्हटले, हे त्याचे शहाणपण.

ही झिलई ब्रशाने फासत नाहीत. कापसाचा गोळा मऊ सुती कापडात बांधून, तो द्रावणात भिजवून लहान लहान वर्तुळांत फिरवायचा. स्पिरिट उडून जाते, लाखेचा अतिशय पातळ थर उरतो. असे अनेक थर, दिवसांमागून दिवस. मुख्य गुण असा की नवा हात जुन्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून पन्नास वर्षांनीही न खरवडता डागडुजी करता येते. तेलरंगाचे किंवा अलीकडच्या पॉलियुरेथेनचे तसे नाही. तेथे जुने ओरबाडून काढावे लागते. दोषही आहेत. ऊन चहाचा पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते.

त्या वर्तुळांना कंटाळूनच मी तरुणपणी वडिलांचे मेज सोड्याने धुववून, घासून त्यावर तपकिरी तेलरंग देवविला. वडील काही बोलले नाहीत. रंगाचे पोपडे उडू लागले तेव्हा एका वृद्ध पॉलिशवाल्याने मला खणाच्या आतील बाजूस स्पिरिटात भिजवलेला कापूस ठेवायला सांगितले. लाख असेल तर पृष्ठभाग चिकट होतो, एवढीच परीक्षा. आपल्या घरी जुने लाकूड असेल तर रंगवाल्यास बोलावण्यापूर्वी ती अवश्य करावी. वरच्या फळीवर मी काहीच शिल्लक ठेवले नव्हते. खणाच्या आतून कापूस मधाच्या रंगाचा होऊन आला.