पाच, एकशे ऐंशी आणि त्रेसष्ट: ऑफिसच्या परवान्याची गोष्ट

आजचा भाग लढायांचा नाही, राजांचाही नाही. तुमच्या ऑफिसातल्या एक्सेलचा आहे. हसू नका, त्यालाही इतिहास आहे, आणि त्यातलं शेवटचं पान मी स्वतः जगलोय.

ऑक्टोबर २०२०. मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात आयटी सांभाळायचो. लॉकडाऊनमुळे अकाउंट्सची मंडळी मार्चपासून घरूनच काम करत होती. मानेवाड्याहून आमच्या काकांचा फोन आला, "भाऊ, एक्सेलची वरची पट्टी लाल काऊन दिसून राह्यली?" दिवाळीच्या बोनसची शीट उघडी होती, आणि वर 'विनापरवाना' असा इशारा.

हे का झालं, ते समजायला थोडं मागे जाऊ.

नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर सीडीवर यायचं. एक सीडी, एक की, आणि ती दहा मशीनवर फिरायची. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब आलं आणि मे १९९५ पासून लागू झालं. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. तरी सीडी फिरतच राहिल्या.

मग २००१ मध्ये ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपीबरोबर 'अॅक्टिव्हेशन' आलं. मात्र शेकडो मशीन असलेल्या कंपन्यांना त्यातून सूट होती. त्यांना एकच व्हॉल्यूम की मिळायची. विंडोज एक्सपीची अशी एक की बाजारात यायच्या आधीच फुटली आणि जगभर पसरली. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक १ मध्ये ती अडवावी लागली.

त्यातून धडा घेऊन विंडोज व्हिस्टाच्या वेळी केएमएस आलं, आणि २०१० च्या ऑफिसलाही ते लागू झालं. कल्पना सोपी आहे. कंपनीच्या नेटवर्कवर एक सर्व्हर बसवायचा. बाकीची मशीन १६८८ नंबरच्या पोर्टवरून त्याला हजेरी देतात. ऑफिसची किमान पाच मशीन आल्याशिवाय तो कुणालाच मान्यता देत नाही, विंडोजसाठी हाच आकडा पंचवीस. मान्यता १८० दिवसांची. मशीन नेटवर्कवर असलं की दर सात दिवसांनी ती आपोआप वाढते.

आता काकांची लाल पट्टी कळली ना? लॅपटॉप मार्चमध्ये घरी गेला. १८० दिवस संपले, वरची ३० दिवसांची सवलतही संपली. उपाय दोन मिनिटांचा होता: व्हीपीएन जोडा, एक कमांड चालवा. काकांच्या पुतण्याने तोवर इंटरनेटवरून 'फुकट अॅक्टिव्हेटर' शोधून ठेवला होता. असल्या टूलमधून व्हायरस येतात, म्हणून तो आधी डिलीट करायला लावला.

पण खरी गोष्ट इथून सुरू होते. १३ ऑक्टोबर २०२० ला ऑफिस २०१० चा सपोर्ट संपला. मालकांनी विचारलं, "नवीन किती घ्यायचे?" मी केएमएसचा लॉग काढला. हजेरी देणारी मशीन त्रेसष्ट. आणि आमच्याकडचे विकत घेतलेले परवाने? चाळीस.

केएमएस मशीन मोजतं ते पाचाचा, पंचवीसाचा आकडा गाठण्यापुरतं. तुम्ही पैसे किती परवान्यांचे भरलेत, हे ते विचारतच नाही. वर्षानुवर्षं नवा माणूस आला की मीच ऑफिस टाकून द्यायचो. तेवीस मशीन माझ्याच हाताने फुकट चालली होती. 'चाळीस' म्हणालो असतो तर सर्व्हरने हूं की चूं केलं नसतं, आणि त्या मंदीत मालकही खूश झाले असते.

मी त्रेसष्ट सांगितलं, आणि ते तेवीस कसे झाले तेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सगळ्यांना खरंच लागतं का?" यादी घेऊन बसलो. शॉप फ्लोअरवरच्या तेरा मशीनवर फक्त हजेरी बघायचे, तिथे लिब्रेऑफिस टाकलं. पन्नास परवाने घेतले.

कुलपं बदलत गेली, पण किती दारं उघडलीत हे सांगायचं काम शेवटी किल्लीवाल्याचंच राहिलं. तुमच्या ऑफिसात किल्ली तुमच्याकडे असेल, तर या आठवड्यात एकदा मोजून बघा. भेटू पुढच्या भागात!